सांधा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गड्डमांच्या शेडमागे,
भंगारातल्या लोखंडी बीमखाली कुत्री व्यायली. पाच पिल्लं.
सहावं तिचं नव्हतं,
मांजराचं होतं, डोळे न उघडलेलं,
कुणीतरी गोणपाटात आणून टाकलेलं.
तिने हुंगलं, चाटलं, कुशीत ओढलं.
वॉचमन म्हणाला, कुत्रीला मोजता येत नाही, दुसरं काय.
मला वाटतं, येत असावं.

मे महिना. पत्रा उन्हाने टणटण वाजत होता.
पिल्लांना नारिंगी, पातळ जुलाब लागले.
पार्वोची पट्टी कोरी निघाली.
दोन सोमवारी गेली, एक बुधवारी.
मी दवाखान्यातली कंपाउंडर,
माझं काम कापसाची काडी फिरवण्याचं,
नळीला चिठ्ठी चिकटवण्याचं,
बर्फाचा डबा पहाटेच्या गाडीने पुण्याला धाडण्याचं.
मांजराच्या पिल्लाचाही नमुना घेतला. ते ओरबाडलं मला.

सोळाव्या दिवशी चिटगुप्पकर मॅडमनी अहवाल वाचला.
कुत्र्याचाच कोरोना,
पण वरचा काटा अर्धा परका.

मला समजलं ते एवढंच:
एकाच पेशीत दोघे शिरले,
एक कुत्र्याचा, एक मांजराचा.
नक्कल उतरवणारं यंत्र एका धाग्यावरून चाललं होतं,
मध्येच घसरलं
आणि न थांबता
दुसऱ्याच्या धाग्यावरून पुढे चालू लागलं.
निघालेला तिसरा
दोघांचाही, आणि दोघांपैकी कुणाचाच नाही.

हे तर आमच्या घरात रोजचंच.
नायना म्हणतात, 'आ कुक्का मंचिदे,
पण तिला ओट्यावर चढू देऊ नको.'
तेलुगूत निघालेलं वाक्य 'पण'पाशी घसरतं
आणि मराठीत मुक्कामाला पोचतं.
आईला विचारा सांधा कुठे आहे.
ती म्हणेल, कसला सांधा?

काट्याचं काम दार उघडण्याचं.
प्रत्येक पेशीच्या दारावर आपापलं कुलूप,
आजूबाजूला साखरेच्या बारीक बारीक झिरमिळ्या,
तिथे तो आधी लोंबकळतो, चाचपतो.
वैर नाही, भूकही नाही.
लागली किल्ली तर आत,
नाही तर नुसता केर.
पुण्यात त्यांनी काचेच्या बाटल्यांत पेशी वाढवल्या होत्या,
कुत्र्याच्या, मांजराच्या, डुकराच्या.
माणसाच्याही वाढवल्या का, मी विचारलं नाही.
मॅडमनी पान उलटलं.

रात्री नायनांना सगळं सांगितलं.
अडतीस वर्षं चादरीच्या मागावर उभे राहिलेले पाय
त्यांनी खाटेवर घेतले, टीव्हीचा आवाज कमी केला.
अंगावरच्या चादरीवरून डोळे मिटून बोट फिरवलं,
मोराच्या मानेपाशी थांबवलं.
इथे. इथे तुटला होता.
लाल संपला होता, दिवाळी तोंडावर,
मी विटकरी जोडला.
गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. ऊब तेवढीच.
मग म्हणाले, तुझा तो जंतू काय देतो?
म्हटलं, जुलाब.
ते हसले. मी नाही हसले.
मी तिथे बोट ठेवून पाहिलं.
मला काहीच लागलं नाही हाताला.

मांजराचं पिल्लू जगलं. कुत्र्यांतलं एक जगलं,
दुसरं अजून धड खात नाही.
कुत्री तिघांनाही सारखीच दटावते.

काल हातमोजा अंगठ्यापाशी फाटला
आणि त्याने नेमकं तिथेच चाटलं.
कोपरापर्यंत साबण लावला, दोनदा,
नखं कापली, पुन्हा धुतलं.
मग शेडच्या हातभर सावलीत उभी राहिले.
भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट,
पायाखालची फरशी थरथरत होती.
माझ्याही आतड्यात तेच कुलूप आहे म्हणे,
थोड्या निराळ्या घडणीचं.
किती निराळ्या, ते अहवालात नव्हतं.

आतून कुणीतरी तेलुगूत हाक मारली.
मी मराठीत ओ दिली.